चहाचे आठ कप

संख्याशास्त्र म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मध्य, मध्यक, बहुलक आणि लांबलचक तक्ते उभे राहतात. परीक्षेपुरते पाठ, निकालानंतर सपाट! बँकेच्या नोकरीत माझी सारी हयात आकड्यांतच गेली. म्हणूनच सांगतो, हा विषय मुलांना आधी खेळू द्यावा, सूत्रे मागून यावीत.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर काम करीत. तेथील एक बाई म्हणत, कपात आधी दूध ओतले की चहा, हे मी चवीवरून ओळखते. फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात हाच प्रयोग मांडला. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम योगायोगावर सोपवलेला.

हा खेळ आपल्या घरीही मांडता येईल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ओतणाऱ्याने चाखणाऱ्यासमोर येऊ नये, त्याचा चेहरा चुगली करतो! आठांतून चार कप निवडण्याच्या ७० रीती. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे जुळण्याची शक्यता सत्तरात एक. सहा कप बरोबर आले तर? आपण टाळ्या वाजवू. वास्तविक सहा किंवा अधिक कप जुळवणाऱ्या रीती ७० पैकी १७, जवळजवळ चारात एक! टाळी कधी आवरायची, हे इथे मूल शिकते.

दुसरा खेळ अमेरिकेच्या एडवर्ड्स डेमिंग यांचा. खोक्यात पांढरे मणी, पाचात एक लाल. 'कामगारा'ने पन्नास खळग्यांची फळी त्यात बुडवून काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. कोणाला सहा येतात, कोणाला चौदा. डेमिंग मुकादम होऊन एकाची पाठ थोपटत, दुसऱ्याला झापत. पुढच्या खेपेला पुष्कळदा उलटेच! खोका तोच, मणी तेच. मग बक्षीस कशाचे आणि शिक्षा कशाची?

एका तिमाहीच्या ठेवींवरून शाखा व्यवस्थापक हुशार किंवा नालायक ठरताना मी पाहिले आहेत. साखर कारखान्याने उसाचे बिल कधी जमा केले, हे कोणी विचारीत नसे. घरोघरी चाचणीत दोन गुण कमी पडलेल्या पोराचेही तेच होते.

मण्यांच्या खोक्याला फारसा खर्च नाही. शाळांनी तो जरूर आणावा. आणि पालकसभेत पहिली फळी पालकांच्या हाती द्यावी.