लोड बॅलन्सिंग
सर्व्हरवर लोड वाढला की आम्ही रात्र जागवतो. होडीवर वाढला तर?

१५ जानेवारी २०१९, संक्रांत. धडगाव तालुक्यात भूषाजवळ नर्मदेत सुमारे ६० जणांना घेतलेली बोट उलटली. किमान ६ जण गेले. (१९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता.)

वजन वाढलं की होडीचा काठ पाण्याजवळ येतो. त्यात चार जण उभे राहिले की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि सगळे एका बाजूला झुकले की संपलंच. शिडाची होडी तर वाऱ्याने आधीच कललेली.

ब्रिटनने १८७६ मध्ये जहाजांवर भाररेषा सक्तीची केली. सणाच्या गर्दीला नावाड्यानेच "बास" म्हणावं, ही अपेक्षा मला पटत नाही. तापीवरच्या होड्यांनाही लाल पट्टा मारा ना राव! पाणी पट्ट्याला लागलं की उरलेले पुढच्या फेरीला.