आगराचं शहर

दर शनिवारी सकाळी मी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीतून स्टेशन गाठते, पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला उतरते आणि भाजी घेऊन परत येते. तिथे रस्त्याच्या कडेला एक आजी गोणपाट अंथरून बसतात. गेल्या शनिवारी त्यांच्यासमोर चार कोवळे दुधी, शिराळ्यांचा छोटा ढीग, अळूच्या जुड्या आणि केळीच्या पानांची एक गुंडाळी एवढाच माल होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "वसईची का हो भाजी?"

"नाय गो बाय. राईची. आमच्या वाडीतली."

बाईंना राई ठाऊक नव्हती. बोलताबोलता कळलं की त्याही इंद्रलोकातच राहतात, बारा वर्षं झाली. राई इथून बसने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आपल्याच महापालिकेच्या हद्दीत आहे. तिथे अजून जमीन कसली जाते आणि तिथली भाजी आपल्या दारात येते, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा समजलं. मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेतीचं शहर म्हटलं की आपल्याला लासलगावचा कांदा, रावेरची केळी, घोलवडचा चिकू आठवतो. मीरा-भाईंदरचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. पण या सदरात इतकी वर्षं जमिनीबद्दल लिहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: हे शहर शेतीचंच आहे. त्याची पिकं तीन होती, मीठ, भात आणि समुद्रातले मासे, आणि तिन्ही अजून पुरती संपलेली नाहीत.

मिठाला पीक म्हणते, यात अतिशयोक्ती नाही. इथली जुनी माणसं मीठ 'बनवलं' असं कधी म्हणत नाहीत. मीठ पिकतं. नारळी-पोफळीची बाग ती आगर आणि मीठ पिकतं तेही आगरच. त्या आगरात राबणारे ते आगरी. नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धा, मोर्वा ही आगऱ्यांची गावं, आणि आज ज्याला आपण शहर म्हणतो ते त्यांच्या शिवारात उभं राहिलं आहे.

मी इथे राहायला आले तेव्हा मीरा रोड सुटलं की गाडीच्या खिडकीतून मिठाच्या राशी दिसायच्या. पश्चिम रेल्वेने तीसेक वर्षं प्रवास केलेल्या कुणालाही विचारा, त्या राशी डोळ्यांपुढे येतील. एकदा एप्रिलच्या दुपारी मी थेट बांधावर जाऊन उभी राहिले होते. डहाणू-तलासरीकडून आलेलं एक आदिवासी जोडपं कामाला होतं. दिवाळी झाली की ही कुटुंबं यायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. आधी कप्प्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून अंगणासारखी टणक करायची. मग उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उथळ पसरत न्यायचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. मीठ धरायला लागण्याआधी त्या पाण्याचा नऊ-दशांश भाग उन्हाने आणि वाऱ्याने उडून जावा लागतो. पाण्याचा दाटपणा मोजायचं बोमे नावाचं माप आहे. समुद्राचं पाणी त्यावर तीन-साडेतीन अंश भरतं आणि पंचविसाच्या आसपास पोचलं की मीठ सुटायला लागतं. त्या बाईच्या हाती मापबीप काही नव्हतं. तिने ओंजळीत पाणी घेतलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाली, "उद्या." दुसऱ्या दिवशी खरोखरच पाण्यावर साय धरली होती. दुधावर धरते तशी पातळ, आणि वारा लागला की तिचे तुकडे होऊन तळाशी बसायचे. मग नवऱ्याने लांब दांड्याच्या फळीने ते मीठ हलक्या हाताने कडेला ओढलं. हात जड पडला तर तळाचा चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. शेवटी राहतं ते कडू पाणी, ते सोडून द्यायचं.

हे ज्ञान नाही तर काय? यात पाणी, वारा, ऊन आणि जमीन यांचा हिशेब आहे. तो चुकला तर हंगाम जातो आणि एक अवकाळी सर आली तरी महिन्याची मेहनत विरघळून जाते. शेतकऱ्याच्या वाट्याला जे येतं ते सगळं यांच्या वाट्याला येतं. फरक इतकाच की गारपीट झाली तर शेतकऱ्याचा पंचनामा होतो.

हे मीठ मोठ्या दाण्याचं, करकच. मासे खारवायला, बर्फाच्या कारखान्यांना, चामडं कमवायला जायचं. देशातल्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त गुजरातेत होतं आणि त्या भावाशी आमच्या छोट्या कप्प्यांचा निभाव लागणं अवघड होतं. खाण्याच्या मिठात आयोडीन असण्याची देशव्यापी सक्ती २००६ साली पुन्हा लागू झाली, तेव्हा करकच मिठाच्या गिऱ्हाइकांत आणखी घट झाली. पण मिठागरं ओस पडण्याचं मोठं कारण बाजार नाही. मोठं कारण जमिनीचा भाव आहे.

त्याआधी इथली जमीन कशी मांडलेली होती हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर काय हरवलं ते कळत नाही. सगळ्यात बाहेर, वसईच्या खाडीच्या काठाने, तिवरांची दाटी. तिच्या आत मिठागरं. त्यांच्या आत मातीचा बांध आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. त्या बांधाआड खारी भातजमीन आणि मग थोड्या उंचवट्यावर गाव. पावसाळ्यात ओहोटी लागली की उघाडी मोकळी करून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती यायच्या आत बंद करायचं. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन जायचा आणि त्याच जमिनीत भात उभा राहायचा. उधाणात बांधाला खांड पडली की घरटी माणूस टोपली-फावडं घेऊन धावायचा, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं ते शेत हाती लागत नाही. कोकणपट्टीवर ही व्यवस्था इतकी महत्त्वाची मानली गेली की १९४८ मध्ये मुंबई राज्याने आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारे भाताचे वाण काढले, तेही अशाच शेतांसाठी.

इंद्रलोक नवघर-गोडदेवच्या या शिवाराला लागून वसलं. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख माणसं होती, २००१ मध्ये पाच लाख वीस हजार, २०११ मध्ये ८,०९,३७८. वीस वर्षांत साडेचारपटीहून जास्त. ही माणसं मुंबईत घर परवडत नाही म्हणून आली, मीही तशीच आले. कुणी यायलाच नको होतं असं मी म्हणणार नाही. घर हवं असणं हा गुन्हा नाही. पण आम्ही आलो तेव्हा आमच्या पायाखाली भराव घातला गेला, बांधाची आणि उघाडीची ओळख पुसली गेली आणि आता उधाणाच्या दिवशी मोठा पाऊस आला की आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर घोटाभर पाणी उभं राहतं. लोक नाले साफ झाले नाहीत म्हणतात. नाले साफ व्हायलाच हवेत. पण भरतीच्या वेळी नाल्याचं तोंडच पाण्याखाली असतं. जे पाणी पूर्वी भाताच्या खाचरांत आणि मिठाच्या कप्प्यांत सहा तास थांबायचं, ते आता आमच्या जिन्यात थांबतं.

या जमिनीला सरकारी आणि बाजारी भाषेत 'मोकळी जागा' म्हणतात. माझा सगळा वाद या शब्दाशी आहे. मिठागर मोकळं म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याला मान्यता दिली. आज मुलुंड, उद्या भाईंदर. इथल्या मिठागरांवरही बऱ्याच जणांचा डोळा आहे. तिवरांना निदान मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाचं कवच आहे. मिठागराला तसं काही नाही, कारण झाड तोडलेलं दिसतं आणि बांध बुजवलेला दिसत नाही.

याच्या उलट उदाहरण बघा. कंबोडियात कंपोट नावाचं छोटं शहर आहे. समुद्राजवळ, नदीकाठी, पाऊस आणि ऊन आपल्यासारखंच. त्या शहराभोवती मिरीचे वेल आणि मिठाचे कप्पे आहेत. ख्मेर रूजच्या काळात मिरीची लागवड जवळजवळ संपली होती. लोकांनी ती पुन्हा उभी केली, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे युरोपनेही ते मान्य केलं. कंपोटच्या एका चौकात ड्युरियन या फळाचा भलामोठा पुतळा आहे आणि दुसऱ्या चौकात मिठागरातल्या मजुरांचा. आपण काय पिकवतो हे ते शहर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतं. आपल्याकडेही वाडा कोलमला २०२१ मध्ये आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये मानांकन मिळालंच ना? आणि ते भाव वाढवून देतं हे शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. भाईंदरच्या एका तरी चौकात मिठाची रास आणि फळी घेतलेली आदिवासी बाई मला बघायची आहे. शाळेची पोरं तिथून जातील तेव्हा विचारतील तरी.

पश्चिमेच्या गावांनी मात्र आपली ओळख सोडलेली नाही. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्यात होणार असं ठरलं तेव्हा तिथले लोक घरं आणि शेतं वाचवायला उभे राहिले, वर्षानुवर्षं लढले आणि कारशेड तिथून हलली. ती डोंगरीला न्यायचं ठरलं आणि तिथे हजारो झाडांवर गदा आली, म्हणून मग डोंगरी-उत्तनचे लोक लढायला उभे राहिले. मेट्रो मलाही हवी आहे, गर्दीत लोंबकळून मी अर्धं आयुष्य काढलं आहे. पण प्रत्येक सोयीची किंमत त्याच चार-पाच गावांनी का द्यायची? शहराचा कचराही उत्तनच्या डोंगरावरच जातो. त्याच उत्तनच्या किनाऱ्यावर दिवाळीनंतर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले, आणि ते आपण पावसाळाभर खातो.

मला जे हवं आहे ते सांगते. महापालिकेच्या विकास आराखड्यात मिठागर, खाचर आणि मासे वाळवण्याची जागा यांना त्यांच्या नावाने दाखवा, मोकळी जागा किंवा ना-विकास क्षेत्र म्हणून नव्हे. उरलेल्या बांधांची आणि उघाड्यांची मोजणी करा आणि पावसाळ्याआधी नालेसफाईबरोबर त्यांच्याही दुरुस्तीला पैसे ठेवा. शेवटी ते काम शहरच बुडण्यापासून वाचवणार आहे. केंद्राच्या मीठ विभागाकडे असलेल्या जमिनी मिठागर म्हणूनच राहतील असा ठराव सभागृहात करा. आणि राई, मुर्धा, उत्तनहून माल घेऊन येणाऱ्या बायकांना स्टेशनजवळ छपराखालची हक्काची जागा द्या. पालिकेची गाडी आली की गोणपाट गुंडाळून पळणाऱ्या या बाया फेरीवाल्या नाहीत, या शहराच्या शेतकरी आहेत.

त्या शनिवारी इंद्रलोकच्या त्या बाईंनी दोन दुधी घेतले, मी उरलेले दोन. अळू मात्र संपलं नव्हतं. आजींनी ते तसंच पाटीत टाकलं, वर गोणपाट घातलं आणि उठायला लागल्या. साडेनऊच वाजले होते. एवढ्यात का निघालात, म्हणून मी विचारलं.

"पोरगा कामावर गेलाय," त्या म्हणाल्या. "आज उधाण हाय. उघाडी बघाया पायजे."