वाळूचाही वापसा



गिरणा, पांझरा, तापी या नद्यांची वाळू आपल्या रोजच्या ओळखीची. घर बांधायला ती लागतेच. पण तिच्यात जीव राहतात, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज त्यांच्याविषयी सांगायचे आहे. त्यासाठी आधी समुद्राकाठी जाऊ. आपली तापीही सुरतेपुढे समुद्रालाच मिळते.

कोकणात किंवा गोव्यात दर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते आणि मधल्या वेळात ओहोटी. त्यामुळे वाळूच्या किनाऱ्याचे तीन पट्टे पडतात. सर्वांत वर, भरतीचे पाणी जेमतेम पोचते तिथे, पांढुरके चपळ खेकडे खोल बिळे करून राहतात. बिळाच्या तळाशी ओल असते, म्हणून त्यांचा श्वास चालतो. मधला पट्टा रोज बुडतो आणि उघडा पडतो. तिथे दाण्याएवढे किडे व बारीक कृमी वाळूत दडलेले असतात. खाली लाटा चढतात-उतरतात, तिथे लहान शिंपले असतात. तिथलाच एक छोटा जीव पाठमोरा वाळूत घुसतो, आणि लाट परतताना पिसासारख्या मिशा पसरून पाण्यातले अन्न गाळून घेतो.

ही वाटणी कशी होते? जाड वाळूतून पाणी लवकर निथळते. बारीक वाळूत ओल टिकते, पण हवा कमी खेळते. फार खोल खणले, तर काही ठिकाणी वाळू काळी आणि सडक्या अंड्यासारख्या वासाची लागते. तिथे हवा पोचतच नाही. पाणी आणि हवा यांचा मेळ जिथे जमतो, तिथे जीव वस्ती करतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वापसा नसेल तर आपण तरी कुठे पेरतो?

आता आपल्या नदीकडे या. काठची कोरडी वाळू, पाण्याकडेची ओली वाळू आणि पाण्याखालचा गाळ, इथेही पट्टेच आहेत. गाळात तांबड्या दोऱ्यासारख्या अळ्या सापडतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखे तांबडे द्रव्य असते, म्हणून कमी हवेतही त्या तगतात. पाण्याखाली गोगलगायी आणि शिंपले राहतात. यांच्यावरच मासे पोसतात.

पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, पण पावसाळा सरला की समुद्र ती बरीचशी परत आणून टाकतो. धरणे बांधलेल्या नदीचे तसे नाही. वरची वाळू धरणात अडते आणि खालची ट्रॅक्टरने भरून जाते. पात्र खोल गेले की जीवांची वस्ती मोडते, आणि काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते. केळीच्या बागेला पाणी देणारी विहीर याच ओल्या वाळूच्या आधारावर उभी आहे.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन नदीवर जा. पाण्याच्या कडेला हातभर खड्डा करा, ओंजळभर वाळू परातीत धुऊन बघा. काय काय सापडते ते मुलांना मोजू द्या. आणि ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला, की किती ब्रास उचलायची एवढेच विचारू नका. पात्रात किती उरणार, हेही विचारा.