घरचा यांत्रिक निरोप्या



मन्नाएखेळ्ळी हे पुणे-हैदराबाद हमरस्त्यावरील गाव. याच रस्त्याने आपली कितीतरी मुले कामधंद्यासाठी घर सोडून जातात; काही तर समुद्रापलीकडे गेली आहेत. सुट्टीत घरी येताना असाच एक मुलगा आईवडिलांसाठी फोनवरील निरोप टिपून ठेवणारे यंत्र घेऊन आला. आईबाप दिवसभर शेतात आणि फोन रिकाम्या घरात वाजत राही, ही त्याची खंत होती. हेतू उत्तम होता. परंतु यंत्राचा अडॅप्टर अमेरिकेतील १२० व्होल्टचा आणि आपल्या घरची वीज २३० व्होल्टची! बटण दाबताच जळका वास आला व मायेची भेट निकामी झाली. यास्तव परदेशी यंत्र जोडण्यापूर्वी अडॅप्टरवरील आकडा अवश्य वाचावा. नवा अडॅप्टर घ्यावयाचा झाल्यास जुना सोबत नेऊन जाणकाराकडून जुळवून घ्यावा.

या यंत्राची कल्पना जुनीच आहे. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकशक्तीने आवाज टिपण्याची युक्ती साधली. आपल्या कर्नाटकात कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉटचे ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले व तशा एक्स्चेंजांमुळे फोन खेडोपाडी पोहोचू लागला. आज मोबाईलमुळे अशी यंत्रे दुर्मिळ झाली आहेत. तथापि ज्या घरी तारेचा फोन आहे तेथे ती अजूनही उपयोगी पडतात.

जोडणी सोपी आहे. भिंतीतून किंवा फायबरच्या पेटीतून येणारी तार यंत्राच्या ‘लाइन’ या छिद्रात घालावी. फोनची तार ‘फोन’ या छिद्रात. वीज गेल्यावर घड्याळ व नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून यंत्रात बॅटरीची सोय असल्यास ती घालावी. घरी वृद्ध माणसे असतील, तर पाच-सहा वेळा घंटी वाजल्यावरच यंत्राने फोन उचलावा, असे ठरवून ठेवावे. वळवाचे ढग गडगडू लागण्यापूर्वीच विजेची व फोनची अशा दोन्ही तारा काढून ठेवाव्यात. विजा चमकत असताना तारांना हातही लावू नये.

आता खरी सावधगिरी. कित्येक भोळी माणसे यंत्रात सांगून ठेवतात, “आम्ही सारे लग्नासाठी कलबुर्गीला गेलो आहोत, रविवारी येऊ.” हे सोयऱ्यांना जसे ऐकू येते, तसेच चोरालाही! घरी कोण आहे, कोण नाही, केव्हा परतणार, यातील एक शब्दही बोलू नये. “आता फोनवर येता येत नाही. आपले नाव, नंबर व निरोप सांगावा,” एवढे पुरे. हेच मराठीत व कन्नडमध्ये सांगितल्यास सर्वांची सोय होते.

काही यंत्रांतील निरोप बाहेरगावाहून गुप्त आकडे दाबून ऐकता येतात. कारखान्यातून आलेले आकडे माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, म्हणजे ते कोणालाही ठाऊक होऊ शकतात. ते पहिल्याच दिवशी बदलावेत व ऐकून झालेले निरोप पुसून टाकावेत.

शेवटी, निरोप टिपला गेला म्हणून तो खरा असतोच असे नाही. “बँक खाते बंद होईल”, “पोलीस अटक करतील, या नंबरवर बोला”, असे निरोप फसवे असू शकतात. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. ओळखीच्या आवाजात पैशांची मागणी आली तरी घाई करू नये, कारण आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. आपल्या वहीत पूर्वीपासून लिहिलेल्या नंबरवर फोन करून आधी खातरजमा करावी. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी ते परत मिळण्याची आशा कमी.

त्या मुलाच्या आईने योग्य अडॅप्टर मिळाल्यावर पहिला निरोप ऐकला, तो लेकाचाच होता: “आई, सुखरूप पोहोचलो.” एवढ्यासाठीच तर हा निरोप्या घरात ठेवावयाचा! तो अवश्य ठेवावा; मात्र घराची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.