मगरींची साक्ष

मध्ययुगीन भूगोलाचा उल्लेख निघाला की वर्गात हसू पिकते आणि आम्ही शिक्षकही 'त्या काळी त्यांना ठाऊक नव्हते' एवढे म्हणून पुढे सरकतो. हे वाक्य किती अपुरे आहे, ते नाईल नदीच्या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

नवव्या शतकातील अरबी ग्रंथकार अल्-जाहिज याने सिंधू ही नाईलचीच शाखा मानली. कारण काय, तर दोन्ही नद्यांत मगरी आहेत! सुमारे १०३० साली अल्-बिरुनीने आपल्या भारतविषयक ग्रंथात या भोळेपणाचा समाचार घेतला. जाहिजला नद्यांच्या प्रवाहांचे ज्ञानच नाही, असा त्याचा आक्षेप होता. म्हणजे मध्ययुगीन समजूत खोडून काढणारा पंडितही मध्ययुगीनच होता.

तरीही नाईलचा पसारा आटला नाही. ११५४ साली सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजासाठी अल्-इद्रिसीने जगाचे नकाशे सिद्ध केले. त्यांत टॉलेमीच्या परंपरेतील चंद्रपर्वतापाशी नाईल उगम पावते आणि पुढे तिच्या दोन नद्या होतात. एक उत्तरेस इजिप्तकडे जाते, तर दुसरी पश्चिमेस महासागराकडे. पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या नद्यांच्या ऐकीव वार्तांची जुन्या ग्रंथांशी घातलेली ही सांगड होती. नायजर समुद्राला नेमकी कोठे मिळते, हे युरोपीय प्रवाशांना १८३० साली उमगले.

१३५२-५३ च्या प्रवासात इब्न बतूताने नायजर डोळ्यांनी पाहिली, पण तिलाही नाईलच म्हटले. तिच्या काठी तो देहधर्मासाठी गेला असता एक स्थानिक मनुष्य त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. बतूताला तो असभ्यपणा वाटला. मागाहून कळले, की मगरीच्या भयाने तो त्याचे रक्षण करीत होता.

आम्हांला हा प्रसंग फार बोलका वाटतो. बतूता नदीपाशी पोहोचला होता, परंतु तिचे नाव त्याने ग्रंथांतून सोबत आणले होते. नदी खऱ्या अर्थाने ठाऊक होती ती त्या अनाम माणसाला. तो नदीला काय म्हणत असे, हे मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही.

म्हणूनच जुना ग्रंथ शिकवताना 'हे चूक की बरोबर' याआधी 'हे कोणाच्या साक्षीवरून लिहिले' असे विचारावयास हवे. तयार लेबले घेऊन संतकाव्यापाशी किंवा बखरींपाशी जाणाऱ्या आम्हां अध्यापकांनी तर हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारावा.