भाकरीचं यंत्र घ्यावं का?

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात धाकट्या जावेबरोबर नाशिकला गेले होते. द्वारकेला, पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो तिथं, उतरलो आणि दुकान गाठलं. तिला विजेवरचा रोटीमेकर हवा होता. दुकानदारानं कणकेचा गोळा दाबला, पोळी टम्म फुगली. जाऊ हरखली. मी घरून बाजरीचं पीठ बांधून नेलं होतं. गरम पाणी मागून मळलं, म्हटलं, "दादा, आता हे दाबा." भाकरीच्या कडा चिरल्या.

कारण साधं आहे. गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो, ती ताणली जाते. ज्वारी-बाजरीत तो नाही. म्हणून आपण पिठात कढत पाणी घालतो, भरपूर मळतो आणि थापताना चिरलेली कड बोटानं सांधतो. यंत्राला बोटं कुठली? शिवाय हजार वॅटचं यंत्र तासभर सलग तापलं की एक युनिट जळतं, आणि वीज गेली की चूल आहेच.

तेव्हा घरात पोळ्याच जास्त होत असतील तर यंत्र जरूर घ्या. भाकरी होत असेल तर आपलं पीठ नेऊन आधी करून पाहा.

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. वाटेत जावेनं मनगट दाखवलं. सुजलं होतं. दोन्ही वेळच्या वीस-वीस भाकरी तीच थापत होती, आणि "हातची चव वेगळीच" म्हणत आम्ही जेवत होतो. आता संध्याकाळच्या भाकरी मी थापते. पीठ मळायला पुतण्याला बसवलं आहे.