काजव्यांच्या फोटोखाली मिनिटे लिहा

मे संपत आला, वळवाच्या सरी पडून गेल्या की भंडारदरा, पुरुषवाडीकडच्या काजव्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. सोनेरी ठिपक्यांनी लगडलेले झाड, मागे निळसर आभाळ. शनिवार-रविवारी अकोले तालुक्यात गाड्यांची जी रांग लागते, तिच्यामागे या फोटोंचा मोठा हात आहे.

हे दृश्य एका क्षणाचे नसते. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून 15 ते 30 सेकंदांचे कितीतरी एक्स्पोजर घेतले जातात. मग संगणकावर ते एकावर एक रचून प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ पिक्सेल तेवढा ठेवतात. बऱ्याच वेळात चमकून गेलेले काजवे असे एका चौकटीत जमतात. यात लबाडी नाही, अंधारात फोटो काढण्याची ही रीतच आहे. पण फोटोखाली तसे लिहिलेले नसते आणि खटकते ते हेच.

अंधारात कॅमेऱ्याला मुळात प्रकाशच पुरत नाही. एका पिक्सेलवर सरासरी 100 प्रकाशकण पडत असतील, तर ही संख्या दर वेळी सुमारे 10ने वरखाली होते, म्हणजे 10 टक्के. 10,000 पडले तर 100ने, म्हणजे जेमतेम 1 टक्का. फोटोत दाणे दिसतात ते बहुतांशी याच चढउताराने. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवला तरी प्रकाश वाढत नाही. त्यासाठी मोठा सेन्सर, मोठ्या ॲपर्चरची लेन्स किंवा जास्त वेळ हवा. सोनीने 2014 मध्ये अल्फा 7एस कॅमेरा आणला, तेव्हा प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जास्त प्रकाश यावा म्हणून 36 बाय 24 मिलिमीटरच्या सेन्सरवर मुद्दाम 12 मेगापिक्सेलच ठेवले.

मोबाइलमध्ये एवढा सेन्सर मावत नाही. म्हणून गुगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनवर आणलेल्या नाइट साइटसारखे मोड अनेक फ्रेम जुळवून त्यांची सरासरी काढतात. स्तब्ध उभ्या देवळाला ते छान जमते. काजव्याची लुकलुक मात्र एखाद्याच फ्रेममध्ये येते आणि सरासरीत फिकी पडते.

फोटोतले झाड डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलमध्येही येत नाही. मग फ्लॅश उडतात, टॉर्च पेटतात. नर लुकलुकून साद घालतो, मादी तशीच उत्तर देते आणि त्यावरच त्यांचे मीलन अवलंबून असते. परक्या उजेडात ही खूण हरवते.

म्हणून वृत्तपत्रांनी, सहली नेणाऱ्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी असा फोटो वापरताना खाली किती फ्रेम, एकूण किती मिनिटे, एवढी ओळ द्यायलाच हवी. छायाचित्रकाराला ती शोधत बसावे लागत नाही. शटरचा वेळ आणि आयएसओ कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये आपणहून नोंदवत असतो.